त्रूदेचा ड्रायव्हर

कुरिअर! आणि तोही अल्विन ग्रबोव्स्कीच्या पोरीने बोलावलेला!

जर्मनीतल्या ग्लाडबेकमध्ये हे कुणाला सांगितलं असतं तर लोक पोट धरून हसले असते. कारण जिवंत जनावर लांबच्या प्रवासाला सुखरूप कसं न्यायचं, हे या गावात ज्याला विचारायचं असेल तो अल्विनच्याच दाराची घंटी वाजवतो. आठवडाभर तो शहराची बस चालवायचा, पण ती आपली नोकरी. खरा अल्विन बघायचा तर शनिवार-रविवारी, कबुतर मंडळाच्या ट्रकवर. अख्ख्या मंडळाची शर्यतीची कबुतरं पिंजऱ्यांत भरायची, फ्रान्समध्ये नेऊन सोडायची, आणि मग पक्षी आभाळातून आणि हा रस्त्याने असे घरी परतायचे. एवढ्या वर्षांत त्याच्या ट्रकमध्ये एक पक्षी दगावला नाही. एकसुद्धा नाही! हल्ली तो ट्रक दुसराच कुणीतरी चालवतो. कसा चालवतो हे अल्विनला विचारू नका, तुमची दुपार जाईल.

तर अशा माणसाच्या ताटासमोर बसून, रविवारच्या जेवणात लाल कोबी वाढून घेता घेता सिल्के म्हणाली, "त्रूदेसाठी गाडी ठरवलीय. जनावरं नेणारे लोक असतात. हानोव्हरचे आहेत."

अल्विनने काटा खाली ठेवला. "कुठले?"

"हानोव्हरचे."

"हानोव्हरचे!" त्याने बायकोकडे बघितलं. "रोझी, ऐकलंस? आता हानोव्हरचे लोक मला शिकवणार."

"तुला कुणी काही शिकवत नाहीये," रोझविता म्हणाली. "कोबी घे."

सिल्केला पार उत्तरेला, समुद्रकाठच्या हुझुमला नोकरी लागली होती. पवनचक्क्यांच्या दुरुस्तीची. दोरखंड बांधून त्या उंच खांबांवर चढायचं, वर समुद्राचं वारं, खाली ठिपक्याएवढ्या मेंढ्या. अल्विन ही बातमी बेकरीपासून चर्चपर्यंत सगळ्यांना सांगून आला होता, फक्त सिल्केला कधी म्हणाला नव्हता की पोरी, ऊर भरून आला माझा. तसलं काही त्याच्या तोंडातून निघायचंच नाही. सामान न्यायला तिला एका मित्राची व्हॅन मिळाली होती, पण तिचा हीटर मेलेला. जानेवारीतली थंडी. माणूस टोपी-हातमोजे घालून बसेल, त्रूदे काय घालणार?

त्रूदे म्हणजे अजगरीण. उगाच अंगावर काटा आणू नका; हातभर जाड नाही की घरभर लांब नाही. रॉयल जातीची, सोनेरी-तपकिरी ठिपक्यांची, माणसाच्या मनगटाहून थोडी जाड, आणि घाबरली की अंगाची गुंडाळी करून डोकं मधे लपवणारी. सिल्केने शिकाऊ कामगार असताना पहिल्या कमाईत तिला घरी आणलं, तेव्हा अंगणातल्या खुराड्यात अल्विनची कबुतरं होती. "या घरात एकतर माझे पक्षी राहतील, नाहीतर ते," तो म्हणाला होता. एवढ्याशा तोंडात कबुतर मावतच नाही, हे सिल्केने परोपरीने सांगितलं. ऐकेल तर तो अल्विन कसला! शेवटी ती काचेची पेटी उचलून दोन गल्ल्या पलीकडे खोली घेऊन राहिली. जाताना दारात म्हणाली, "ती मेली तर तुला बरंच वाटेल."

बारा वर्षं झाली त्याला. बापलेकीचं जाणं-येणं होतं, बोलणं होतं, वाढदिवसाचे केक होते. पण तिच्या घरी गेला की अल्विन त्रूदेच्या खोलीच्या दारापर्यंत जायचा आणि तिथूनच मागे फिरायचा. आणि ते वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं होतं, त्याबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत.

"मी नेतो," आता तो म्हणाला.

रोझविताला ठसकाच लागला. "तू? उंबरठा ओलांडायला तुझे पाय लटपटतात!"

"पाय लटपटत नाहीत. मान राखतो मी तिचा. आणि गाडी चालवायला तिला हातात कशाला घ्यायला हवं? पिंजऱ्यातलं जनावर पिंजऱ्यात. माझ्या ओपेलचा हीटर कसा आहे ते विचार गावात कुणालाही."

सिल्केने बापाकडे रोखून बघितलं. ती काय तोलून बघत होती ते अल्विनला नेमकं कळत होतं, म्हणून तो कोबीकडे बघत बसला.

"बरं," ती अखेर म्हणाली. "पण मी सांगेन तसं."

"तू सांगशील तसं!"

आणि तिने सांगितलं. आठवडाभर तिला खायला घालायचं नाही, भरल्या पोटी गाडीत बसवलं तर उलटी करते आणि जिवावर बेततं. सुती पिशवी घ्यायची, उलटी करून, म्हणजे शिवणीचे धागे बाहेर राहतात, आत अडकायला काही नको. तोंडाला गाठ. ती पिशवी थर्माकोलच्या खोक्यात, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी. झाकणाला चिकटपट्टी. खोकं मागच्या सीटवर, पट्ट्याने बांधून. "आणि पप्पा, उघडायचं नाही. वाटेत बघावंसं वाटेल, तरी नाही."

"हो गं बाई. आज पहिल्यांदा बसलोय का गाडीत?"

निघायच्या दिवशी सकाळी बाहेर गाड्यांच्या काचांवर बर्फाचा थर होता. सिल्के काचेची पेटी, पलंग आणि सायकल घेऊन व्हॅनमधून आधी निघाली. तिला पोचून पेटी तापवायला लावायची होती. अल्विनने ओपेल आधीच गरम करून ठेवली होती. खोकं मागे ठेवलं, पट्टा ओढून दोनदा तपासला. रोझविताने दोघांसाठी चीज-पावाचा डबा दिला. "दोघांसाठी म्हणजे?" त्याने विचारलं. "तुझ्यासाठी आणि तुझ्या भुकेसाठी," ती म्हणाली, आणि खिडकीतून वाकून खोक्याला म्हणाली, "त्रूदेबाई, याच्याशी गप्पा मारू नकोस, कबुतरांवर घसरेल."

म्युन्स्टरपर्यंत सगळं छान चाललं. मग अल्विनच्या मनात शंका शिरली.

आता हे समजून घ्यायचं तर कबुतरवाल्याचं काळीज हवं. कबुतरं थंडीने मरत नाहीत. कबुतरं मरतात ती कोंडल्यामुळे. ट्रकची झडप उघडायला विसरला, ऊन लागलं, हवा खेळली नाही, की अर्ध्या तासात पिंजरेच्या पिंजरे आडवे. शेजारच्या गावच्या मंडळाचा असा एक ट्रक त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता आणि नंतर कितीतरी रात्री झोपला नव्हता. म्हणून त्याच्या ट्रकमध्ये एकच कायदा होता: हवा. पाऊस असो, वारा असो, हवा!

आणि इथे मागच्या सीटवर एक जिवंत जीव गाठ मारलेल्या पिशवीत, पिशवी बंद खोक्यात, खोक्याला चिकटपट्टी, आत गरम पाणी, वर गाडीचा हीटर. भोकं काय, पेन्सिल जाईल एवढी. आरशात ते खोकं दिसलं की त्याचा स्वतःचाच श्वास अडकायचा. पोरीला सापातलं कळतं, मान्य. पण प्रवासातलं? प्रवासातलं कुणाला कळतं?

पुढच्या थांब्यावर त्याने गाडी बाजूला घेतली. चिकटपट्टी सोलली. झाकण तिरकं करून ठेवलं, पिशवीची गाठ मात्र तशीच. गरम पाण्याची पिशवी काढून खाली टाकली, हिच्यामुळेच तर कोंदट होतंय! हीटर बंद केला आणि मागची काच दोन बोटं खाली घेतली. मग कोटाची कॉलर वर करून, कान लाल होत असताना, तो मोठ्या समाधानाने निघाला. मधूनमधून मागे बघून म्हणायचा, "कसं वाटतंय आता? मोकळं ना?"

ब्रेमेन मागे पडल्यावर तो कॉफीला थांबला. आत जाण्याआधी सहज मागचं दार उघडून पिशवीवरून हात फिरवला, आणि हात तिथेच राहिला.

सकाळी त्या पिशवीत घट्ट गुंडाळी होती. आता काहीतरी सैल, ओघळलेलं, थंडगार होतं. त्याने बोटाने हळूच ढकललं. काही नाही. पुन्हा ढकललं.

"त्रूदे?" तो म्हणाला. "अगं ए त्रूदे!"

मग त्याच्या डोक्यात लखकन उजेड पडला. अरे गाढवा! हिला कुठे पिसं आहेत?

थांब्यावर माणसं कॉफीचे कप घेऊन ये-जा करत होती. अल्विन उघड्या दारापाशी उभा होता आणि त्याला ते जुनं वाक्य ऐकू येत होतं. ती मेली तर तुला बरंच वाटेल. आता ही खरोखर मेली, तर जगात कोण म्हणेल की चुकून झालं? बारा वर्षं तिरस्कार केला, हट्टाने नेतो म्हणाला, कुरिअर रद्द करायला लावला, आणि भर थंडीत काच उघडी! सिल्के रडणार नाही, ओरडणार नाही. नुसती मान हलवेल. आणि मग तिच्या घरी जाणं, तिचे वाढदिवस, सगळं संपलं.

एक विचार आला, खोटं कशाला बोला. झाकण लावायचं, चिकटपट्टी दाबून बसवायची, रबरी पिशवीत कॅफेतलं गरम पाणी भरून घ्यायचं आणि गप्प बसायचं. प्रवास सोसला नाही म्हणायचं. कुणाच्या बापाला कळणार होतं? विचार आला आणि त्याला स्वतःचीच एवढी शिसारी आली, की त्याने ताबडतोब फोन काढला.

"पोरी," तो म्हणाला. "मी झाकण उघडलं. काच पण. ती गार पडलीय, हलत नाही."

व्हॅनच्या घरघरीतून सिल्केचा आवाज आला.

"कधीपासून?"

"म्युन्स्टरपासून. हवा मिळावी म्हणून. सिल्के, मी मुद्दाम—"

"पप्पा, ते नंतर. आता ऐक. गरम पाणी लावायचं नाही. हीटरच्या तोंडाशी धरायचं नाही. एकदम ऊब दिली तर त्यानेच जाईल ती. गाडीत बस, काचा बंद, हीटर मध्यम. पिशवी कोटाच्या आत घे. शर्टाच्या आत. पोटाला लावून."

"पोटाला?"

"पोटाला. पिशवी उघडू नकोस. तुझ्या अंगाएवढीच ऊब हवी तिला, जास्त नको. मी पुढच्या फाट्यावरून वळते. कुठे आहेस नीट सांग."

त्याने सांगितलं. मग बारा वर्षं जिच्या खोलीत पाऊल टाकलं नाही, तिला अल्विन ग्रबोव्स्कीने बनियनच्या आत, उघड्या पोटाला लावून घेतलं. अंगावरून बर्फ फिरावा तशी शिरशिरी आली. दात वाजायला लागले, तरी त्याने दोन्ही हातांनी ती पिशवी धरून ठेवली.

"हे बघ," तो तिला म्हणाला, "आपलं काही फारसं पटलेलं नाही. ते माझ्यामुळे. पण आज मला असं तोंडघशी पाडू नकोस. पोरगी येतेय."

खिडकीवर टकटक झाली. बाहेर एक ताठ, चष्मेवाला गृहस्थ. अल्विनने काच बोटभरच खाली केली.

"इंजिन बंद करा," गृहस्थ म्हणाला. "उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवायला मनाई आहे. माहीत नाही का?"

"माहीत आहे. आयुष्यभर बस चालवलीय."

"मग?"

"पोटाशी अजगरीण आहे. गारठलीय."

गृहस्थाने त्याच्या फुगलेल्या कोटाकडे बघितलं. मग चेहऱ्याकडे. अल्विनच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायला हात मोकळे नव्हते. गृहस्थ वळून निघून गेला. आता हा पोलिसांना आणतो, असं अल्विन धरूनच चालला. पण तो परत आला तो लोकरी पांघरूण घेऊन. "पाठीवरून घ्या," म्हणाला. "इंजिनाचं मी बघितलं नाही. पांघरूण मात्र परत लागेल, सासूबाईंनी विणलंय."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पोट आधी गार होतं, मग बधिर झालं, मग हळूहळू दोघांची ऊब सारखी झाली. आणि मग, अगदी सावकाश, कापडाआडून काहीतरी सरकलं. बेंबीपासून बरगडीकडे. अल्विनने श्वास रोखला. पुन्हा सरकलं, आणि या वेळी दाबलं, चांगलं जोरात. त्या दाबाने त्याला जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्याही शर्यतीच्या बक्षिसाने झाला नव्हता. "शाब्बास!" तो मोठ्याने ओरडला. "शाब्बास माझी रणरागिणी!" शेजारच्या गाडीतली बाई दचकली.

सिल्के आली ती पळतच. शेजारी बसली, दार लावलं आणि पिशवीवरून हात फिरवला. गाठ जरा सैल करून आत बघितलं. काळी बारीक जीभ बाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. सिल्केने डोळे मिटून घेतले.

"आहे," ती म्हणाली. "पुढचे काही दिवस श्वासावर लक्ष ठेवावं लागेल. पण आहे."

अल्विनने गाडीच्या किल्ल्या तिच्यासमोर धरल्या. "तू ने हिला. ही गाडी घे, मी तुझी व्हॅन आणतो. आपल्याला नाही जमलं."

"किल्ल्या ठेव."

"सिल्के, एक पक्षी मेला नव्हता माझ्या हातून. आणि आज तुझी—"

"पप्पा, हानोव्हरच्या माणसाने मला फोन केला असता?" तिचा आवाज चढला. "झाकण लावून टाकलं असतं त्याने. मी पोचल्यावर गार पिशवी उघडली असती आणि मला कधी कळलंच नसतं. तू केलास. लगेच केलास."

"तुला वाटलं नाही, मुद्दाम केलं म्हणून?"

"एका क्षणासाठी वाटलं," ती म्हणाली. "मग तुझा आवाज ऐकला." तिने बाही ओढून नाक पुसलं. "बरं, आता चिकटपट्टी कुठेय? आणि ते गरम पाणी भरून आण. आणि पप्पा, काच!"

"काच बंद! आईशप्पथ बंद!"

पांघरूण घडी करून सासूबाईंच्या जावयाला परत गेलं. पुढे हुझुमपर्यंत सिल्केची व्हॅन आणि मागे ओपेल. हीटर चालू, काचा गच्च. अल्विनने आधी कोट काढला, मग स्वेटर काढला, आणि हाम्बुर्गच्या पुढे तर तो बनियनवर गाडी चालवत होता. शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले. घाम डोळ्यांत जात होता, पण काच तसूभरही खाली आली नाही.

सिल्केचं नवं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात खालची शेजारीण भेटली, गोरी, गुबगुबीत, हातात कुंडी. खोक्याकडे बघून तिने विचारलं, "ही ती नागीण का? एवढ्या थंडीत आणली कुणी?"

"माझ्या पप्पांनी," सिल्के म्हणाली. "जिवंत जनावरं नेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही."

अल्विनची मान ताठ झाली, पण गप्प राहवेना. "वाटेत चूक झाली माझ्याकडून," तो म्हणाला. "मोठी चूक."

"आणि ही नागीण नाहीये," सिल्के म्हणाली, "अजगरीण आहे." आणि बापाच्या पाठीवर थाप मारून वर चढली.

काचेची पेटी जोडली, दिवा लावला, आतल्या तापमापकाचा काटा हलायला लागला. सिल्केने घड्याळ बघितलं, मग रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघितलं. "दुकान बंद होईल. पाव आणि सूप तरी आणते." कोट चढवता चढवता तिने तापमापकावर बोट ठेवलं. "काटा इथे आला की गाठ सोड आणि तिला आत ठेव. पिशवीसकट ठेव, ती येईल बाहेर आपली आपण. मग काच सरकव आणि कडी लाव."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे?"

त्रूदेपाशी सिल्केने आजवर कुणाला एकटं सोडलं नव्हतं. व्हॅन देणाऱ्या मित्रालाही नाही, आणि तो तर तिचा जवळचा होता. अल्विनला हे माहीत होतं. जिन्यावरून तिच्या बुटांचा आवाज खाली गेला, बाहेरचं दार लागलं, आणि घरात तो आणि ती पिशवी उरली.

खुर्ची अजून व्हॅनमध्येच होती, म्हणून तो पेटीसमोर जमिनीवर मांडी घालून बसला. पिशवी मांडीवर घेतली. घाम पुसला, केस नीट केले. बसच्या परीक्षेला बसला होता तेव्हाही तो एवढा सावध नव्हता. नजर काट्यावरून हलू दिली नाही.

खिशातला फोन वाजला. रोझविता.

"अरे अल्विन, पोचलात का? एक फोन नाही की काही नाही! कुठे आहेस?"

"ड्यूटीवर," अल्विन म्हणाला. "नंतर बोलतो." आणि त्याने फोन ठेवून दिला, कारण काटा जागेवर आला होता.